ब्राझीलला ऑफ-सीझनमध्ये जायचंय? मग आधी ठरवा, काय सोडायचं!



मे महिन्यात आपल्याकडे कुठेही जायचं म्हटलं तरी खिशाला चटका बसतो. मनालीच्या हॉटेलचे दर चढलेले, विमानाची तिकिटं त्याहून चढलेली आणि महाबळेश्वरला गाडी लावायला जागा नाही. देशभरातल्या शाळांना साधारण एकाच सुमारास सुट्टी लागते, त्याला कोण काय करणार! पण याच मे महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक अवाढव्य देश निवांत बसलेला असतो. तिथल्या मुलांच्या शाळा सुरू असतात, कार्निव्हलची गर्दी कधीच पांगलेली असते आणि समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं पाहुण्यांची वाट पाहत असतात. हा देश म्हणजे ब्राझील.

आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि ब्राझीलची ऑफ-सीझन असा योग जुळून येतो, हे वाचून लगेच तिकीट काढायला धावू नका. आधीच सांगते, ही सहल स्वस्तातली नाही. भारतातून ब्राझीलला सध्या थेट विमान नाही. दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून जावं लागतं आणि घरातून निघाल्यापासून तिथल्या हॉटेलात पाठ टेकेपर्यंत एक-सव्वा दिवस सहज जातो. बहुतेक कुटुंबं असा खर्च आयुष्यात एकदाच करतात. त्यामुळे ‘ऑफ-सीझन म्हणजे स्वस्त, चला!’ एवढ्यावर निर्णय घेणं मला धोक्याचं वाटतं. हॉटेल निम्म्या किमतीत मिळालं, पण जे बघायला गेलो तेच त्या महिन्यात तिथे नसलं तर?

तळी बघायला गेलो आणि तळी नाहीत

हे उगाच घाबरवण्यासाठी म्हणत नाही. ब्राझीलच्या ईशान्येकडे मारान्याओ नावाचं राज्य आहे. तिथे लेन्सोइस मारान्येन्सेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. तुम्ही इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो नक्की पाहिले असतील: पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या मधल्या खोलगट भागांत निळी-हिरवी तळी. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता गंमत अशी, की ही तळी पावसाच्या पाण्याची आहेत. तिथे साधारण जानेवारी ते जून पाऊस पडतो आणि तळी भरतात. जून ते सप्टेंबर ती डुंबण्याजोगी असतात. मग ऊन त्यांना हळूहळू पिऊन टाकतं. नोव्हेंबरमध्ये गेलात तर हॉटेल स्वस्त मिळेल, गर्दी नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी नुसती वाळू असेल. साओ लुईस शहरात उतरायचं, तिथून बारेरिन्यास गावापर्यंत चारेक तास गाडीने जायचं, मग जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि समोर काय, तर वाळवंट! मुलं तुम्हाला आयुष्यभर ऐकवतील.

म्हणून ब्राझीलच्या बाबतीत ‘ऑफ-सीझन कधी?’ या प्रश्नाला ‘कुठली?’ हा उलट प्रश्न विचारावा लागतो.

गर्दीचा सीझन वेगळा, पावसाचा वेगळा

ब्राझीलमधले दर मुख्यतः दोन गोष्टींवर चढतात. पहिली म्हणजे तिथला उन्हाळा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून ते फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हलपर्यंतचा काळ. देश विषुववृत्ताच्या बराचसा खाली असल्यामुळे ऋतू आपल्या उलटे. नाताळ, नववर्ष आणि शाळांची मोठी सुट्टी एकत्र येते. नववर्षाला रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर लाखो लोक पांढरे कपडे घालून आतषबाजी बघायला जमतात. त्या दिवसांत खोलीच्या दराबद्दल न बोललेलंच बरं. दुसरी म्हणजे जुलै, शाळांची मधली सुट्टी.

उरलेला काळ, म्हणजे ईस्टरनंतर जूनपर्यंत आणि पुन्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर, ही गर्दीच्या हिशेबाने ऑफ-सीझन. आपल्या मे महिन्याच्या सुट्ट्या, दसरा, दिवाळी हे सगळं यातच बसतं.

पण पावसाला या गर्दीच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नाही. ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या अडीचपटीहून जास्त. आपल्याकडे जूनमध्ये कोकणात धो-धो पाऊस आणि चेन्नईत घामाच्या धारा असतात ना, तसंच तिथेही. रिओत पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्च. साल्वादोर आणि रेसिफे या ईशान्य किनाऱ्यावरच्या शहरांत नेमका एप्रिल ते जुलै. मनाऊसजवळच्या अ‍ॅमेझॉनमध्ये डिसेंबर ते मे. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत वर्षभर थोडाथोडा.

त्यामुळे संपूर्ण ब्राझीलला मानवेल असा एकही महिना नाही. दोन-तीन ठिकाणं जमतात आणि एखादं तरी हातचं सोडावं लागतं. हे एकदा मान्य केलं की आखणी सोपी होते.

मे महिना: रिओ, धबधबा आणि पाण्यात बुडालेलं जंगल

आपल्या बहुतेकांना मेमध्येच सुट्टी, म्हणून यावर जरा सविस्तर बोलू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघून पंधरा-सोळा दिवस हाताशी असतील तर माझा आराखडा असा: साओ पावलोला उतरायचं, तिथून इग्वासूचा धबधबा, मग रिओ आणि शेवटी मनाऊस. साल्वादोर, पांतानाल आणि ती वाळूतली तळी या वेळी विसरायची.

साओ पावलोत फार अडकू नका. शहर प्रचंड आहे आणि ज्यांना शहरं आवडतात त्यांच्यासाठी मेजवानी आहे, पण मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर झोपेचं चक्र सावरण्यापुरता एक दिवस पुरे. तिथलं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे असतं, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीनला सगळं घर टक्क जागं असेल, हे गृहीतच धरा.

इग्वासू हा एक धबधबा नाहीच. नदी सुमारे पावणेतीनशे धारांनी खाली कोसळते आणि या धारा ब्राझील व अर्जेंटिना यांच्या सीमेवर पसरलेल्या आहेत. जास्त धारा अर्जेंटिनाच्या हद्दीत आहेत, पण समोरून सगळा देखावा एका नजरेत दिसतो तो ब्राझीलच्या बाजूने. पलीकडे जायचं तर आपल्याला अर्जेंटिनाची वेगळी परवानगी लागते. लहान मुलांसह पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्या कागदपत्रांच्या मागे न लागता ब्राझीलची बाजू दोन वेळा बघावी असं मला वाटतं: एकदा सकाळी, एकदा दुपारी. पायवाट सोपी आहे. शेवटी पाण्यावर बांधलेला पूल थेट तुषारांत जातो, तिथे रेनकोट घालूनही सगळे भिजतात.

पाणी किती असेल हे मात्र कुणाच्या हातात नाही. २०२१ च्या दुष्काळात धारा अगदी बारीक झाल्या होत्या, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये इतका पूर आला की तो पूलच बंद ठेवावा लागला. म्हणून इथे एक दिवस जास्त ठेवा. आणि मुलांना आधीच बजावून ठेवा, की तिथे क्वाटी नावाचे लांब नाकाचे, पट्टेदार शेपटीचे प्राणी मोकाट फिरतात आणि हातातला खाऊ हिसकावून नेतात. आपल्या माथेरानची माकडं आठवा. प्राणी गोंडस दिसले तरी चावतात.

मेमध्ये इथे संध्याकाळी चांगलीच थंडी पडते. रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा खालीही जाऊ शकतो. ‘ब्राझील म्हणजे उकाडा’ असं समजून स्वेटर घरी ठेवणारे इथे फसतात.

रिओत मे ते सप्टेंबर हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. दिवसा २५ अंशांच्या आसपास, पाऊस कमी, हवा स्वच्छ. उन्हाळ्यात तिथे चाळिशी गाठणारा दमट उकाडा असतो, तो आजी-आजोबांना सोसणार नाही. कोर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा १९३१ सालचा. पुतळा ३० मीटर उंच आणि डोंगर सुमारे ७०० मीटर. वर जायला १८८४ पासून चालत आलेली दातेरी रुळांची रेल्वे आहे. या डोंगरावर ढग उतरले की पुतळ्याच्या पायाशी उभं राहूनही चेहरा दिसत नाही. ऑफ-सीझनचा खरा फायदा इथे कळतो. गर्दीच्या दिवसांत तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं, मग ढग असोत वा नसोत. मेमधल्या आठवड्याच्या मधल्या वारी मात्र सकाळी खिडकीतून आकाश बघून ‘आज जायचं’ असं ठरवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. रिओत पाच दिवस ठेवा म्हणते ते यासाठीच.

दोन गोष्टींची तडजोड करावी लागेल. समुद्राचं पाणी गार असतं आणि दिवस लहान असतो. मेच्या शेवटी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शुगरलोफच्या टेकडीवरून, १९१२ पासून सुरू असलेल्या रोपवेने जाऊन, सूर्यास्त बघायचा असेल तर दुपारचं जेवण लवकर उरका. चार वाजता तुम्ही वर पोहोचलेले हवेत. आणि अंधार पडल्यावर रस्त्याने फोन हातात धरून चालायचं नाही, जवळच्या अंतरालाही टॅक्सी घ्यायची. हा नियम घरातल्या कॉलेजवाल्या मंडळींना दोनदा सांगा.

आता मनाऊस. इथे बरेच जण चुकतात, कारण ते पाऊस बघून महिना निवडतात. अ‍ॅमेझॉनच्या परिसरात बघायची ती नदीची पातळी. मनाऊसजवळ नदी वर्षभरात साधारण दहा मीटर वर-खाली होते, म्हणजे तीन मजल्यांची इमारत! पाणी सर्वांत जास्त असतं जूनच्या सुमारास आणि सर्वांत कमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मेच्या शेवटी पाऊस ओसरायला लागलेला असतो, पण पाणी मात्र झाडांच्या कमरेपर्यंत, कधी गळ्यापर्यंत आलेलं असतं. होडी जंगलाच्या कडेने जात नाही, ती झाडांच्या मधून जाते. जिथे एरवी मान वर करून बघावं लागतं ती माकडं आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतात. आजोबांना चालवत नसेल तरी काही बिघडत नाही, सगळं होडीत बसूनच बघायचं असतं.

याउलट ऑक्टोबरमध्ये पाणी उतरून किनारे उघडे पडतात, पायी फिरता येतं. तेही छान, पण धोका आहे. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मनाऊसला नदीच्या पातळीने शंभरहून जास्त वर्षांच्या नोंदींमधला नीचांक गाठला. होड्या चिखलात रुतल्या, वर वणव्यांचा धूर. दिवाळीच्या सुट्टीत अ‍ॅमेझॉनचं तिकीट काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मनाऊसजवळ राहायचं तर शक्यतो काळ्या पाण्याच्या रिओ नेग्रोच्या बाजूचं वनगृह निवडा. या नदीचं पाणी आम्लयुक्त असल्यामुळे तिथे डास तुलनेने कमी असतात. तरीही मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. मनाऊसच्या जवळ ही काळी नदी आणि सोलिमोइस ही मातकट नदी काही किलोमीटर एकमेकींत न मिसळता शेजारून वाहतात. काळा चहा आणि दुधाचा चहा एकाच बशीत ओतावा आणि त्यांनी एकत्र व्हायला नकार द्यावा, असं ते दृश्य असतं. शहरात १८९६ मध्ये सुरू झालेलं, रबराच्या पैशातून उभं राहिलेलं ऑपेरा थिएटर आहे. ते उन्हाच्या वेळी बघून घ्या, कारण मनाऊसमध्ये थंडी हा प्रकार नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर: ज्यांना शाळेची सुट्टी बघायची नाही

मुलं मोठी झाली आहेत किंवा अजून शाळेत जात नाहीत, अशा घरांसाठी हा काळ फार चांगला आहे. रिओ कोरडं असतं, लेन्सोइसची तळी भरलेली असतात (सप्टेंबरच्या आत जा) आणि पांतानालमध्ये बिबळ्याचा थोरला भाऊ शोभेल असा जग्वार दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. पांतानाल ही जगातली सर्वांत मोठी उष्णकटिबंधीय पाणथळ जागा. पाणी आटलं की प्राणी नदीकाठी गोळा होतात आणि पोर्तो जोफ्रेहून होडीने निघालं की काठावर पहुडलेले जग्वार दिसतात. तिथवर जाणारा मातीचा रस्ता जवळजवळ १५० किलोमीटरचा आहे आणि त्यावर शंभराहून जास्त पूल आहेत. पावसाळ्यात या भागाचा बराचसा हिस्सा पाण्याखाली जातो.

पण मग सगळ्या जगाला हे माहीत आहे. त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर हा पांतानालचा ऐन सीझन असतो. उरलेला देश स्वस्त असताना इथले दर मात्र चढलेले असतात. रिओत वाचवलेले पैसे इथे घालवायचे, असा हिशेब करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथेही वणवे लागतात, २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये फार मोठे लागले होते. घरात कुणाला दमा असेल तर मी पांतानालचा हट्ट धरणार नाही.

दिवाळीची सुट्टी: साल्वादोर आणि काजूचं झाड

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य किनारा कोरडा, उबदार आणि अजून गर्दी न झालेला असतो. साल्वादोर ही १५४९ पासून १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं हे शहर, त्यांच्या संगीताने आणि स्वयंपाकाने भरलेलं. रस्त्यावर पांढऱ्या झग्यातल्या बायका अकाराजे तळताना दिसतील. हे म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून, वाटून केलेले वडे. आपल्यालाच ओळखीचे वाटतात! मात्र आत भरलेल्या मसाल्यात सुकी कोलंबी असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी नुसता वडा मागावा.

साल्वादोरहून आणखी वर नाताल शहराजवळ पिरांजी इथे काजूचं एकच झाड जवळपास साडेआठ हजार चौरस मीटर पसरलंय. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा रुजत गेल्या आणि झाडाची बाग झाली. आपल्या कोकणात आणि गोव्यात काजू आणला पोर्तुगीजांनी, तो ब्राझीलच्या याच किनाऱ्यावरचा. तिथे काजूचा हंगाम सप्टेंबरपासून पुढे असतो, म्हणजे दिवाळीत गेलात तर बोंडं झाडावर दिसतील. मुलांना इतिहासाचा धडा देण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

जूनमध्येच सुट्टी असणाऱ्यांसाठी एक अपवाद सांगते. जूनभर ईशान्येत संत योहानाचा उत्सव चालतो. मक्याचे पदार्थ, शेकोट्या, चौकटीचे शर्ट आणि रात्रभर नाच. कांपिना ग्रांदे आणि कारुआरू या गावांचा उत्सव सर्वांत मोठा. पाऊस असतो, पण लोकांना त्याची फिकीर नसते. फक्त तिथे स्वस्त खोली मिळेल या भ्रमात राहू नका.

पैसे कुठे वाचतात, कुठे नाही

ऑफ-सीझनमध्ये हॉटेलं, वनगृहं आणि देशांतर्गत विमानं यांत खरी बचत होते. भारत ते ब्राझील या तिकिटावर मात्र आपल्याकडच्या मे महिन्याच्या गर्दीचाही परिणाम होतो. म्हणून ते आधी काढा, आणि जमलं तर साओ पावलोला उतरून वेगळ्या शहरातून परत निघण्याचं तिकीट बघा. एकाच शहरात परत येण्यासाठी उडलेला एक दिवस आणि चौघांची तिकिटं वाचतात.

आपल्यासारखी रेल्वे तिथे नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या अगदी मोजक्या, त्यामुळे विमान किंवा बस. बस आरामदायी असतात, पण रिओ ते मनाऊस विमानालाच चार तास लागतात, यावरून अंदाज घ्या. लाताम, गोल आणि अझुल या तिथल्या कंपन्या. सर्वांत स्वस्त भाड्यात मोठी बॅग धरलेली नसते, ती जोडूनच किमतींची तुलना करा. तिथल्या काही संकेतस्थळांवर पैसे भरताना नागरिकांचा कर क्रमांक मागतात आणि परदेशी कार्ड नाकारतात. अशा वेळी डोकं न फोडता कंपनीचं आंतरराष्ट्रीय पान किंवा आपल्याकडचा एजंट गाठावा. रस्त्यावरच्या नारळपाणीवाल्यापर्यंत सगळे ‘पिक्स’ने पैसे घेतात. ते त्यांचं यूपीआय, २०२० मध्ये सुरू झालेलं. पण त्यासाठी तिथलं बँक खातं लागतं, म्हणून आपण कार्ड आणि थोडी रोख ठेवायची.

ऑफ-सीझनमध्येही काही सापळे आहेत. २१ एप्रिल, १ मे, ७ सप्टेंबर, १२ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर आणि २० नोव्हेंबर या राष्ट्रीय सुट्ट्या शनिवार-रविवारला चिकटल्या, की अख्खा ब्राझील समुद्राकडे निघतो. त्या तीन-चार दिवसांत किनाऱ्यावर राहण्याऐवजी साओ पावलोसारख्या मोठ्या शहरात राहा, ते रिकामं झालेलं असतं.

एक सोय फारशी कुणी सांगत नाही. ब्राझीलमध्ये साठीपुढचे लोक, गरोदर बायका, कडेवर बाळ असलेले पालक आणि दिव्यांग यांना रांगेत प्राधान्य देण्याचा कायदाच आहे, २००० सालापासून. विमानतळ, बँक, सुपरमार्केट, सगळीकडे ‘प्रेफेरेन्सियाल’ अशी पाटी शोधा. आजींना पुढे करा आणि बिनदिक्कत त्या रांगेत उभे राहा.

जेवणाची काळजी अनेकांना असते. मांसाहाराचा देश आहे हे खरं, काळ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराचं मांस असू शकतं. पण तिथे वजनावर जेवण देणारी हॉटेलं गल्लोगल्ली असतात. ताट घ्यायचं, भात, भाज्या, कोशिंबिरी हव्या तेवढ्या वाढून घ्यायच्या आणि वजन करून पैसे द्यायचे. लहान मुलांसाठी तर उत्तमच, हवं तेवढंच वाढून घेता येतं. बाजारात उसाचा रस मिळतो. ‘पाओ दे केजो’ म्हणजे चीजचे छोटे पाव सगळीकडे मिळतात, पण त्यात अंडं असतं. आणि ईशान्येत तव्यावर केलेलं टपिओकाचं धिरडं खा. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो मूळचा याच मातीतला.

भाषा पोर्तुगीज, आणि मोठी हॉटेलं सोडली तर इंग्रजी फार चालत नाही. पण गोव्यामार्गे आलेले शब्द आपल्या तोंडी आधीच आहेत. चावीला ‘शावी’, साबणाला ‘साबाओ’ आणि बटाट्याला चक्क ‘बताता’. शब्दाच्या सुरुवातीच्या र चा उच्चार ह सारखा करतात, म्हणून त्यांचं चलन रेआल कानावर ‘हेआल’ असं पडेल. गोंधळून जाऊ नका.

निघण्याआधी

व्हिसा लागतो. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांची संमती लागते, त्यामुळे घरातला एकजण परगावी नोकरीला असेल तर सह्यांचं काम आधी करा. ताजे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा. प्रवास विमा घेताना पूर आणि विमान रद्द होणं त्यात आहे का ते वाचून घ्या. मे २०२४ मध्ये दक्षिणेत असा पूर आला की पोर्तो आलेग्रेचा विमानतळ ऑक्टोबरपर्यंत बंद होता.

सर्वांत महत्त्वाची आहे पिवळ्या तापाची लस. ही ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केंद्रांची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून दोन महिने आधी चौकशी करा. नऊ महिन्यांहून लहान बाळाला ती सहसा देत नाहीत. साठीपुढच्यांसाठी तिचे दुष्परिणाम क्वचित का होईना, गंभीर असू शकतात, तेव्हा आजी-आजोबांचं तिकीट काढण्याच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, नंतर नाही. डॉक्टर नको म्हणाले तर सहलीचा बेतच बदलावा लागेल. कारण ब्राझीलहून परतताना भारताच्या विमानतळावर या लसीचं पिवळं कार्ड मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतली की लस आयुष्यभर चालते. कार्डाचा फोटो फोनमध्ये असू द्या, पण मूळ कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, प्रत्येकाचं त्याच्या पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा.